चौकटची राणी आणि बारा सेकंद

आशालताबाई फोनवर पत्ते खेळायला बसल्या की घरातली माणसं हळूच दुसऱ्या खोलीत सरकायची. शिव्या नव्हत्या हो, बाई शिव्या देत नसत. पण "अरे टाक ना मेल्या!", "झोपलास की काय?", "पान टाकतोयस की लग्न ठरवतोयस?" हे इतक्या वरच्या पट्टीत चालायचं, की कामोठ्याच्या त्या सोसायटीत खालून जाणारा भाजीवालाही वर बघायचा.

त्यात त्यांचा तरी काय दोष? पनवेलच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत अठ्ठावीस वर्षं काढलेली बाई. खिडकीपुढे माणूस आला की अलिबाग गाडी सांगायची, पुढचा आला की पेणची. जो "अं... मला ना... ते..." करत राहिला, त्याला "पुढे बोला!" हे दोन शब्द. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ती खिडकी काही डोक्यातून गेली नव्हती. दुधवाला, डॉक्टर, मुलगा चारुदत्त, सगळ्यांना "पुढे बोला!"

एका माणसाला मात्र त्यांनी तीस वर्षं सहन केलं होतं. वसुंधरा. बालवाडीत शिकवायची. पोरांना बुटाचे बंद बांधायला शिकवता शिकवता तिच्या अंगातच संथपणा मुरला होता. मेंढीकोटात ती आशालताबाईंची जोडीदार. हा खेळ चौघांचा, समोरासमोर बसतात त्या एकमेकींच्या जोडीदार, आणि चार दश्श्यांपैकी जास्त दश्श्या ज्या जोडीकडे ती जिंकली. सोपं आहे. पण वसुंधरा पान टाकायच्या आधी "हं... हं..." करत हातातले पत्ते तीनदा लावायची, चष्मा वर करायची, खाली करायची, आणि आशालताबाई समोरून ओरडायच्या, "टाक गं बाई! चहाचा पाक झाला!"

शिवाय तिचं एक खूळ होतं. चौकटची राणी हातात आली की ती शेवटपर्यंत सोडायची नाही. लग्न होऊन पनवेलला आली तेव्हा सासरच्यांच्या पहिल्या डावात शेवटच्या हाताला चौकटच्या राणीने तिला जिंकवलं होतं म्हणे. तेव्हापासून राणी शेवटी. त्यापायी दश्शी जावो, डाव जावो, राणी शेवटीच. या राणीवरून दोघींचं किती वेळा वाजलं असेल याला गणती नाही.

समोरची जोडी म्हणजे किशोरी आणि रंभाबाई. किशोरी निवृत्त गणिताची बाई, कुठलं पान पडलं आणि कुठलं राहिलं हे तिला तोंडपाठ. रंभाबाई कामोठे गावातली, मूळची तिथलीच, सिडको यायच्या आधीपासूनची. नाकाला हात लावला की इस्पिक, कानाला लावला की बदाम, अशा तिच्या खुणा साऱ्या सोसायटीला पाठ होत्या, फक्त तिला वाटायचं कुणाला कळत नाहीत. रोज दुपारी तीन वाजता आशालताबाईंच्या हॉलमध्ये चटई पडायची. हरलेल्या जोडीने पत्ते पिसायचे, वाटायचे आणि चहाही करायचा.

गेल्या दिवाळीनंतर वसुंधराला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीव वाचला, वाचाही बरीचशी परत आली, पण मुलगी रेवा तिला बडोद्याला घेऊन गेली. चटईवर तीनच बायका उरल्या.

पंधरा दिवसांनी किशोरी म्हणाली, "आशाताई, तळमजल्यावर त्या नवीन बाई आल्यात ना, त्यांना येतं मेंढीकोट."

"येत असेल. त्यांना म्हणावं, तुमच्या घरी खेळा."

"अहो, पण तीन जणींचा खेळ..."

"ती जागा वसूची आहे," आशालताबाई म्हणाल्या. "भरलेली आहे." वसूशी त्या रोज संध्याकाळी फोनवर बोलायच्या, आणि वसू रोज तेच म्हणायची. "आशा, माझी जागा देऊन टाक कुणाला तरी. मी आता कशाची खेळते?" ज्या दिवशी आपण ती जागा देऊ, त्या दिवशी ही बाई बडोद्याच्या त्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडणार आणि पुन्हा वळणार नाही, याबद्दल आशालताबाईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. म्हणून फोनवरचा खेळ. दुसरा मार्गच नव्हता.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, शंभर खेळ मिळतात. मिळतात ना! आशालताबाईंनी सात उतरवून घेतले. एकात चौघींना एका टेबलावर बसताच येईना, किशोरी कुठल्या तरी अनोळखी माणसाची जोडीदार व्हायची. दुसऱ्यात दर डावानंतर साबणाची जाहिरात, ती बंद करायची फुली मुंगीएवढी. तिसऱ्यात रोज हजर राहिलं नाही तर नाणी कापायचे. चौथा तर उघडल्या उघडल्या फोनमधले सगळे फोटो बघायची परवानगी मागायला लागला. "पत्ते खेळायला माझ्या नातवाच्या बारशाचे फोटो कशाला रे मेल्यांनो?" रंभाबाईने सातव्यानंतर हात टेकले. "आगो बाय, मना तं काय कलत नाय. यापेक्षा बडोद्याची गाडी पकडू, आमी येतो!"

आणि मग देव पावावा तशी मितालीच पावली. मिताली म्हणजे सून. फोनवरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत कामाला, आठवड्यातले तीन दिवस घरूनच. योगायोगाने तिच्या कंपनीने मेंढीकोटच बनवायला घ्यायचं ठरवलं होतं. खेळ बाजारात यायला अजून अवकाश होता, पण चाचणीसाठी माणसं हवी होती. मितालीने पहिल्यांदा फोन हातात दिला तेव्हा ऑफिसातली पोरं समोर खेळायला होती. दर शुक्रवारी ती विचारायची, "आई, काय खटकलं?"

काय खटकलं! अशी विचारणा अठ्ठावीस वर्षांत आशालताबाईंना कुणी केली नव्हती. लोकांनी त्यांना विचारलं ते फक्त गाडी कधी सुटते. त्या बोलायला लागायच्या आणि मिताली ते फोनवर रेकॉर्ड करून घ्यायची, कारण तो वेग लिहून घेण्यातला नव्हताच. अक्षरं बारीक आहेत. किलवर आणि इस्पिक सारखेच दिसतात. बोलायची सोय नाही, नुसती ती हसरी तोंडं पाठवायची, तोंडाला कुलूप लावून कुणी पत्ते खेळतं का? समोरचे ढिम्म बसून राहतात. एखादा उठून जातो आणि डाव मोडतो. मितालीने बरंच ऐकलं. अक्षरं मोठी झाली, किलवर हिरवा झाला. बोलायची सोय तेवढी ऑफिसने नाकारली, अनोळखी माणसं एकमेकांना वाट्टेल ते बोलतात म्हणे.

मग आलं 'आपलं टेबल'. ओळखीच्या चौघांनी एकत्र बसायची सोय. रेवाने आईच्या फोनवर ते चालू करून दिलं, उशीला टेकवून ठेवलं, आणि एका सोमवारी दुपारी तीन वाजता पडद्यावर चार गोल फोटो आले. वरच्या गोलात, बरोब्बर समोर, वसूचा चष्म्यातला फोटो. आशालताबाईंनी पदराने फोन पुसला. फोन स्वच्छच होता.

पहिले दोन दिवस वाईट गेले. वसूच्या फोटोभोवतीची हिरवी रेघ फिरत फिरत संपायची आणि भलतंच पान पडायचं. पण तिसऱ्या दिवसापासून काय झालं कोण जाणे, वसू खेळायला लागली. आणि काय खेळायला लागली! हुकूम कधी काढायचा, दश्शी कुणाच्या हातावर टाकायची, सगळं चोख. त्या दिवशी चारही दश्श्या घेऊन त्यांनी किशोरी-रंभाबाईंवर कोट चढवला. शनिवारी दुसरा. आशालताबाईंना आकाश ठेंगणं झालं. संध्याकाळी फोनवर त्या ओरडल्याच, "वसू! अगं, तीस वर्षांत अशी कधी खेळली नव्हतीस!"

वसू म्हणाली, "हो का? बरं झालं."

"बरं झालं काय? किशोरीचं तोंड बघायला हवं होतंस!"

"हं," वसू म्हणाली. "दमले गं आशा. ठेवते."

पुढच्या मंगळवारी दुसऱ्याच हाताला वसूने चौकटची राणी टाकली. गरज नसताना, सहज, भाजीतला कढीपत्ता बाजूला काढावा तशी. आशालताबाईंच्या भुवया वर गेल्या. चुकून बोट लागलं असेल, उजवा हात कामाचा नाही, डाव्या अंगठ्याने खेळते बिचारी. बुधवारी पुन्हा राणी आली, पुन्हा तिसऱ्या हाताला गेली. आणि ते पान अगदी बरोबर होतं, त्यावरच तर डाव जिंकला. पण आशालताबाईंनी संध्याकाळची वाट बघितली नाही.

"वसू, राणी का टाकलीस?"

"कुठली राणी?"

"कुठली म्हणजे? चौकटची! आत्ताच्या डावात!"

"असं का," वसू म्हणाली. "माझ्या नाही लक्षात."

आशालताबाईंनी फोन बंद केला. अर्ध्या तासापूर्वीचं हिच्या लक्षात नाही. चौकटची राणी हिच्या लक्षात नाही! म्हणजे झटक्याने हात नेला, पाय नेला आणि आता डोकंही घेऊन चालला. त्यांना रडू आलं, आणि रडू आलं याचा रागही आला. त्या तशाच मितालीच्या खोलीत शिरल्या. मितालीची कसलीशी मीटिंग चालू होती, तिने घाईघाईने कानातला इअरफोन काढून टेबलावर ठेवला.

"तुझा तो खेळ बंद कर," बाई म्हणाल्या. "वसूला झेपत नाहीये. ती काय टाकते तिचं तिला कळत नाही."

मितालीने सगळं ऐकून घेतलं. "चौकटची राणी" हे तिलाही ठाऊक होतं, या घरात ते कुणाला ठाऊक नव्हतं? तिने संगणकावर काहीतरी उघडलं, आकड्यांच्या ओळी खालीवर केल्या, आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, बसा जरा."

"मी उभी बरी आहे. बोल."

"गेल्या दहा दिवसांत वसुंधराकाकूंनी स्वतः एकूण अकरा पानं टाकलीत."

"अकरा? एका डावाला तेरा पानं लागतात!"

"बाकीची काकूंनी नाही टाकली. खेळाने टाकली." आणि मितालीने समजावून सांगितलं. पान टाकायला बारा सेकंद. दोनदा वेळ चुकली की संगणक त्या माणसाच्या जागी खेळायला लागतो. नाव तेच, फोटो तोच. कोपऱ्यात 'मी आले' असं बटण येतं, ते दाबलं की जागा परत मिळते, पण पुढच्या पानाला पुन्हा बाराच सेकंद. काकूंनी पहिल्या दोन दिवसांत ते बटण चाळीस वेळा दाबलं होतं. तिसऱ्या दिवशी तीन वेळा. त्यानंतर दाबलंच नव्हतं.

आशालताबाईंचा आवाज चढला. चढला म्हणजे काय, भाजीवाल्यानेही वर बघितलं. "लाज नाही वाटत? माझ्यासमोर माझ्या मैत्रिणीचा फोटो लावून यंत्र बसवलंत? मी त्या यंत्राला शाबासकी देत होते! कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे? बारा सेकंद! बारा सेकंदांत माणूस शिंकतो आणि नाक पुसतो! नाव सांग त्याचं, मी बोलते त्याच्याशी!"

मितालीने आधी नको म्हटलं. "जाऊ द्या ना आई." पण बाई ऐकेनात. तेव्हा तिने फोन उचलला, जुनं रेकॉर्डिंग शोधलं आणि लावलं.

आवाज ओळखीचा होता. खिडकीतला, खणखणीत.

"हे बघ मिताली, तीस सेकंद म्हणजे काय चेष्टा आहे? समोरचा नुसता बसून राहतो, इथे माझं डोकं उठतं. दहा-बारा सेकंद पुष्कळ झाले. ज्याला जमत नाही त्याने खेळू नये! आणि कुणी गेला की डाव मोडू नका, त्याच्या जागी गुपचूप दुसरं कुणीतरी बसवा. आम्हाला कशाला कळायला हवं कोण गेलं ते? खेळ चालू राहिला पाहिजे. पुढे बोल!"

टेबलावरच्या इअरफोनमधून मीटिंगमधला माणूस अजून बोलतच होता.

"ऑफिसात सगळ्यांना फार आवडलं होतं ते," मिताली हळू आवाजात म्हणाली. "मीच मांडलं. तेव्हापासून चाचणीत लोक डाव अर्धवट सोडत नाहीत. खेळ चांगला झाला आई. खरंच झाला."

आशालताबाई खाली बसल्या. ज्याला जमत नाही त्याने खेळू नये. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं त्यांना वाटलं. अठ्ठावीस वर्षं खिडकीवरून माणसं हाकलली, ती पुढच्या खिडकीत तरी जात असतील. वसू कुठे जाणार होती?

त्यांनी तिथूनच फोन लावला.

"वसू, मला कळलं."

वसू म्हणाली, "मी बघत बसायचे. पहिले काही दिवस. छान खेळायची गं ती. मग मी फोन उशीवर पालथा घालून पडून राहायला लागले."

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तू इतकी खूश होतीस. म्हणालीस ना, तीस वर्षांत अशी खेळली नव्हतीस."

आशालताबाईंनी फोन कानाला लावूनच मितालीला सांगितलं, "ते घड्याळ काढून टाक."

मितालीने ऑफिसात विचारलं. ऑफिस नाही म्हणालं. वेळ काढणाऱ्या एका माणसामुळे तिघं कंटाळून जातात, खेळ त्या तिघांसाठी असतो, असं तिथल्या साहेबाचं म्हणणं. त्यात काही चूक होती असंही नाही. कामोठ्यातल्याच एका बाईंचं तीन महिन्यांपूर्वी हेच म्हणणं होतं. शेवटी मितालीने साहेबाशी दोन दिवस वाद घालून एवढंच पदरात पाडून घेतलं की चाचणीपुरतं, फक्त या चार फोनवर, घड्याळ बंद आणि यंत्र बंद. "किती दिवस चालेल सांगता येत नाही आई. खेळ बाजारात आला की ही आवृत्ती बंद होणार."

"तोपर्यंत तर चालू दे."

रविवारी तीन वाजता चौघी बसल्या. बोलायची सोय नव्हती त्यावर मितालीने तोड काढली. चौघींचा एकत्र फोन लावायचा, तो तसाच चालू ठेवायचा आणि वरून खेळ उघडायचा. इतकं साधं आधी कुणालाच सुचलं नव्हतं.

पहिलंच पान वसूचं होतं. एक मिनिट गेलं. फोनमधून नुसतं "हं... हं..." येत होतं. दुसरं मिनिट. किशोरीने जांभई दिली ती सगळ्यांना ऐकू आली. रंभाबाई म्हणाली, "मी जरा भात बगून येते, तुमचा चालू द्या," आणि खरंच जाऊन आली. आशालताबाई ओठ दाबून बसल्या होत्या. त्यांनी स्वतःला बजावलं होतं, आज एक शब्द नाही. तिसरं मिनिट. वसूचा अंगठा चुकला, पान नुसतंच वर आलं आणि परत खाली गेलं. आशालताबाईंनी खुर्चीची कड घट्ट धरली. शब्द नाही काढला.

असा एक डाव दीड तास चालला. अंगाचा तिळपापड होणे म्हणजे काय ते आशालताबाईंना त्या दीड तासात नीट कळलं. शेवटी तीन पानं उरली. दोन दश्श्या आशालताबाई-वसूकडे, एक किशोरी-रंभाबाईंकडे, आणि चौथी, चौकटची, अजून बाहेर. किशोरीने चौकटचं बारकं पान टाकलं. एक्का-राजा केव्हाच गेले होते, हुकूम संपला होता. वसूकडे राणी होती, हे आशालताबाईंना छातीवर हात ठेवून सांगता आलं असतं. राणी टाकली की पुढे बसलेल्या रंभाबाईला दश्शी टाकावीच लागणार, डाव खिशात.

चार मिनिटांनी वसूने चौकटची सत्ती टाकली.

रंभाबाईने लगेच दश्शी टाकली आणि आनंदाने किंचाळली. आशालताबाईंकडे मारायला काही नव्हतं. दश्श्या दोन-दोन झाल्या की ज्यांचे हात जास्त ते जिंकतात, आणि हात किशोरी-रंभाबाईंचे जास्त होते. डाव गेला. आणि शेवटच्या हाताला पडद्यावर, अगदी सावकाश, चौकटची राणी येऊन पडली.

"वसू!!" दीड तासाचं साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "अगं, तुझ्या डोक्यात भुसा भरलाय का? पुढे दश्शी येणार हे दिसत होतं! हातात राणी! दीड तास बसवलंस आम्हाला आणि सत्ती टाकलीस? त्या राणीची काय आता आरती करायची? तुझ्यासारखी जोडीदार वैऱ्याला मिळू नये!" बोलता बोलता त्या थबकल्या. आजारी बाई. अर्धं अंग गेलेली. काय बोलून बसलो आपण? "वसू? वसू, अगं..."

मग हसू ऐकू आलं. वाकड्या झालेल्या तोंडातलं, अडखळत येणारं, पण वसूचंच.

"दहा दिवस तू मला एकदाही ओरडली नाहीस, आशा," ती म्हणाली. "मला वाटलं, गेले मी."

आशालताबाईंनी पदराने नाक पुसलं, चष्मा पुसला.

"मग आता नीट ऐक," त्या म्हणाल्या, "सत्ती टाकलीस ना, तिथून सुरू करते," आणि पुढची वीस मिनिटं त्या ओरडत होत्या.